व्यसनही आहे आणि मानसिक आजारही. अशा बाईला ठेवायचं कुठे?

आबोली_

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज गरज पडली म्हणून लिहितेय. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

प्रश्न माझ्या नणंदेचा आहे. वय पस्तिशीच्या आसपास, शाळेत जाणारी एक मुलगी. बायपोलरचं (मूड कधी बेफाम चढतो, कधी खोल नैराश्य) निदान होऊन बरीच वर्षं झाली, त्यासाठी मूड स्थिर ठेवणारं लिथियम चालू आहे, म्हणजे मनाला येईल तसं चालू-बंद. दारू नंतर आली. आधी झोप लागत नाही म्हणून रात्री, मग संध्याकाळपासून, आणि आता सकाळी हात थरथरतात म्हणून उठल्या उठल्या. नवरा वेगळा राहतो. वन्सं आणि मुलगी आमच्याकडे आहेत.

घोळ असा झालाय की त्यांचे मानसोपचारतज्ज्ञ म्हणतात, आधी दारू सोडवा, त्याशिवाय मूडचं काही कळणार नाही. एका व्यसनमुक्ती केंद्राला फोन केला तर ते म्हणाले, आधी मानसिक आजार आटोक्यात आणा, आम्ही अशा केसेस घेत नाही. दुसरं केंद्र घ्यायला तयार आहे, पण त्यांची अट अशी की आत आल्यावर सगळ्या गोळ्या बंद, कारण 'मेंदूवर चालणारी गोळी म्हणजे पण नशाच'.

निवासी उपचार खरंच लागतात का? लागत असतील तर केंद्र निवडताना विचारायचं काय? बायकांचं वेगळं केंद्रच शोधावं का? कुणी यातून गेलं असेल तर सांगा. वन्संना स्वतःला जायचंय, निदान आज तरी.

केवळ_वाचक

वाचतोय. आमच्याही घरचा प्रश्न आहे, एवढंच म्हणतो.

कट्ट्यावरचा_काका

इतका घोळ कशाला? आमच्या ओळखीत एकाला बायकोने जेवणात कालवून गोळी दिली. प्यायला की भडाभडा उलट्या. महिनाभरात सुतासारखा सरळ. त्याला आजतागायत माहीत नाही.

बिनपगारी_डॉक्टर

काका, हात जोडतो, असलं काही सुचवू नका. आणि वाचणाऱ्यांपैकीही कुणी करू नका.

ती गोळी डायसल्फिराम. ती अंगात असताना दारू गेली की अॅसिटाल्डिहाइड साचतं. चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब खाली. 'प्यायले तर असं होईल' हे माहीत असलेली व्यक्ती प्यायला धजत नाही, हाच त्या गोळीचा सगळा उपयोग. जिला माहीतच नाही ती नेहमीएवढी पिणार, आणि ते जिवावर बेतू शकतं. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंतही हा त्रास होऊ शकतो. सायकोसिसची (भास-भ्रम, वास्तवाचं भान सुटणं) लक्षणं असलेल्यांना ती देताना आम्ही दहादा विचार करतो. आणि ज्या दिवशी तिला कळेल, त्या दिवसापासून ती त्या घरातलं पाणीसुद्धा विश्वासाने पिणार नाही.

आबोलीताई, तुमच्या पोस्टमध्ये माझी नजर एकाच वाक्यावर अडली: सकाळी हात थरथरतात. म्हणजे शरीर दारूवर अवलंबून झालंय. दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका. फिट येण्याचा धोका शेवटच्या प्यालानंतर साधारण ६ ते ४८ तासांत असतो. डीटी, म्हणजे भास, ताप, भयंकर गोंधळ, हे साधारण ४८ ते ९६ तासांत. डीटीवर उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो. त्यामुळे पहिला टप्पा रुग्णालयात, किंवा जिथे चोवीस तास डॉक्टर आणि नर्स आहेत अशाच ठिकाणी. तिथे विथड्रॉवलची (दारू थांबल्यावर होणाऱ्या त्रासाची) औषधं हळूहळू कमी करत देतात, थायमिन (बी१ जीवनसत्त्व) टोचतात, मीठ-पाणी बघतात.

दुसरं लिथियम. उलट्या, जुलाब, घाम याने अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. वाढलं की हात जास्त थरथरतात, जीभ जड होते, चालताना तोल जातो. म्हणजे बाई हुबेहूब प्यायल्यासारखी दिसते! घरच्यांना वाटतं, पुन्हा चोरून प्यायली. रक्त तपासल्याशिवाय फरक कळत नाही.

आणि 'आधी हे, मग ते' याबद्दल. दारू सुरू असताना पहिल्यांदाच नैराश्य दिसलं, तर दारू थांबल्यावर तीन-चार आठवडे वाट पाहण्यात अर्थ असतो, बऱ्याच जणांचं त्यात आपोआप निवळतं. वन्संचं निदान दारूच्या कितीतरी आधीचं आहे. तिथे वाट कसली पाहायची? दोन्ही एकाच वेळी आणि शक्यतो एकाच टीमकडे.

पुस्तकी_किडा

डॉक्टरांना अनुमोदन. थोडी भर: माणूस त्रासावर उतारा म्हणून नशा शोधतो, हा विचार खांत्झियन नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९८५ मध्ये नीट मांडला. चिंतेसाठी दारू, झोपेसाठी गोळ्या, वगैरे.

बिनपगारी_डॉक्टर

@पुस्तकी_किडा, विचार चांगला आहे, पण त्याची ढाल होते. 'मी आजारामुळे पिते, आजार बरा करा, दारू आपोआप जाईल.' तशी ती जात नाही. कशानेही सुरू झालेलं व्यसन काही काळाने स्वतःच्या पायावर उभं राहतं.

टवाळ_पाखरू

या धाग्यावर आज चक्क उपयोगी प्रतिसाद येताहेत. अॅडमिन, सगळं ठीक आहे ना?

रोखठोक

मला कुणी वाईट म्हणालं तरी चालेल. इच्छाशक्ती हवी, बाकी थेरं आहेत. आमच्या आजोबांनी एका दिवसात सोडली, परत हात लावला नाही. आणि बायकांसाठी वेगळं केंद्र कशाला? दारू काय बाई-पुरुष बघून चढते?

निशाचर

@रोखठोक, हो, बघूनच चढते. :) बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं आणि पोटात दारू मोडणारं एन्झाइमही कमी. तेवढ्याच प्याल्यात रक्तातलं प्रमाण जास्त जातं. पहिल्या प्यालापासून यकृत बिघडेपर्यंतचा रस्ताही बायकांच्या बाबतीत लवकर संपतो.

आजोबांचा आदर आहेच. पण त्यांना बायपोलर होतं का?

मी नर्स आहे, बरीच वर्षं अशाच वॉर्डात रात्रपाळी केली. वेगळं का, ते रात्रीच्या वॉर्डात कळतं. आमच्याकडे येणाऱ्या बायकांपैकी पुष्कळ जणींना कधी ना कधी मारहाण किंवा त्याहून वाईट काही सोसावं लागलेलं असायचं. त्यातल्या एकीला प्यायला देणारा आणि मारणारा माणूस एकच होता. ती बोलायला कधी लागली माहितीय? तो भेटायला येऊ शकणार नाही, असं रजिस्टरमध्ये तिच्यासमोर लिहिलं तेव्हा. भेटायला कुणाला सोडायचं हे बाई ठरवते की 'घरचे' ठरवतात, हा प्रश्न फोनवरच विचारा.

बाकीचे प्रश्न, माझ्या परीने. मानसोपचारतज्ज्ञ केंद्रात प्रत्यक्ष किती वेळा येतात? 'आमचे संबंध आहेत', 'बोलावलं की येतात' हे उत्तर नव्हे. रात्री कोण असतं, नर्स की फक्त वॉचमन? चालू असलेली औषधं कोण देतं, कुलपात कोण ठेवतं, लिथियमची लेव्हल कुठे तपासतात? स्वतःला इजा करण्याची शक्यता दाखल करतानाच विचारून घेतात का? बांधून ठेवणं, कोंडणं असे प्रकार होतात का? हा शेवटचा प्रश्न ऐकून पलीकडचा माणूस चिडला, तर फोन ठेवून द्या.

साळुंकी_

निशाचर, हा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावणार आहे.

शेवंता_

खूप दिवसांनी लॉगिन केलं, फक्त या धाग्यासाठी.

माझं बाळंतपणानंतरचं नैराश्य. कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. झोपेच्या गोळ्या मिळाल्या, त्या वाढल्या, मग त्यांच्यावर दारू. बाहेरून घर व्यवस्थित. डबे वेळेवर, इस्त्री कडक. बायकांचं व्यसन असं असतं हो, इस्त्रीच्या कपड्यांच्या मागे लपलेलं.

पहिल्यांदा गेले ते मिश्र केंद्र. नाव सांगणार नाही. तिथे गोल बसवायचे आणि मधल्या खुर्चीवरच्याला बाकीच्यांनी 'आरसा दाखवायचा'. पुरुषांना कदाचित त्याने जाग येत असेल. माझ्या डोक्यात तसाही दिवसभर तोच आवाज चालू असायचा, 'तू वाईट आई आहेस'. तो आता वीस लोक मिळून मोठ्याने म्हणू लागले. रात्री तपासणीला एक माणूस टॉर्च घेऊन यायचा आणि तोंडावर झोत मारायचा. मी तिथून निघून आले आणि घरच्यांनी निष्कर्ष काढला की हिला सुधारायचंच नाही.

दुसरं केंद्र फक्त बायकांचं. पहिल्या रात्री तिथल्या ताईंनी विचारलं, "झोपताना दार उघडं हवं की लोटलेलं? दिवा?" मी खुळ्यासारखी बघत राहिले. इतक्या वर्षांत मला कुणी असं काही विचारलं नव्हतं. तिथे सुरुवातीलाच कुणी 'सगळं सांग, मोकळी हो' असं म्हणालं नाही. आधी आजचा दिवस सुरक्षित कसा काढायचा ते शिकवलं. घाबरल्यावर पाय जमिनीवर टेकवून खोलीतल्या पाच निळ्या वस्तू मोजायच्या, नाही म्हणायचं कसं, झोप कशी लावायची. लिसा नाजाविट्स यांनी तयार केलेली सीकिंग सेफ्टी नावाची पद्धत आहे, पंचवीस विषय आहेत तिच्यात. आघात आणि व्यसन दोन्हींवर एकत्र काम करते आणि जुन्या जखमा उकरायच्या आधी पाय घट्ट रोवायला लावते.

सामानाची झडती मात्र तिथेही कडक. माझ्या शाम्पूच्या बाटलीत गोळ्या होत्या. ताईंनी बाटली उलटी केली, गोळ्या मोजल्या, वहीत लिहिल्या आणि मला सही करायला लावली. ओरडल्या नाहीत. माझे हात इतके हलत होते की सही म्हणजे नुसती रेघ उमटली. गोळ्या एकदम तोडल्या नाहीत, डॉक्टरांनी महिनोन् महिने कणाकणाने कमी केल्या. झोपेच्या आणि चिंतेच्या या गोळ्या झटकन बंद केल्या तरी फिट येते, हे इथे लिहून ठेवते, कारण 'ताकद' दाखवायला बंद करणाऱ्या बायका मी पाहिल्यात.

आबोली, 'सगळ्या गोळ्या बंद' म्हणणारं केंद्र नाही म्हणजे नाही.

साळुंकी_

शेवंता, __/\\__

टवाळ_पाखरू

आता विनोद सुचत नाहीये. शेवंताताई, लिहीत राहा.

एक_दिवस

मी एएमधला (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा स्वमदत गट). गोळ्यांच्या मुद्द्यावर जरा स्पष्ट बोलायला हवं. मीटिंगमध्ये काही जुने मेंबर नव्या माणसाला सांगतात की डिप्रेशनची गोळी घेतोस म्हणजे तू खरा सोबर नाहीस. हे त्यांचं स्वतःचं मत. एएच्या पुस्तिकेत याच्या उलट आहे: कुणाही मेंबरने डॉक्टर बनू नये. औषधं सोडायला लावल्यामुळे आजार उसळलेली माणसं आमच्यातही झाली आहेत.

रोखठोक

म्हणजे दारू सोडायची आणि जन्मभर गोळ्यांवर राहायचं. हे बरंय!

बिनपगारी_डॉक्टर

@रोखठोक, रक्तदाबाची गोळी जन्मभर घेणाऱ्यांना तुम्ही असं म्हणता का? लिथियमची तलफ येत नाही, त्याने किक बसत नाही, कुणी ते चोरून दुप्पट घेत नाही. एकदम बंद केलं तर मात्र मॅनिया (मूड बेफाम चढणं) उसळण्याची दाट शक्यता. आणि मॅनियात असलेली बाई केंद्रात पहिल्याच आठवड्यात भिंत ओलांडून जाईल, मग तुम्हीच म्हणाल इच्छाशक्ती नव्हती.

झोपेच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी, त्यांची सवय लागते. दोन्ही एकाच पिशवीत कोंबणं हाच त्या केंद्राचा घोळ.

चष्मिष्ट

नवऱ्याच्या बाजूने लिहितो. इथे पुरुष फारसे बोलत नाहीत.

बायकोला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी (भावना अनावर होण्याचा मानसिक आजार) आणि दारू. हातावर ब्लेडच्या खुणा. एका केंद्रातून तिला काढून टाकलं, कारण घरी एक दिवस सोडलं तेव्हा ती प्यायली. नियम म्हणजे नियम. मी रात्री तिला गाडीत बसवून आणलं आणि रस्ताभर कुणी काही बोललं नाही. ज्या आजारासाठी भरती केलं त्याचंच लक्षण दिसलं म्हणून बाहेर काढायचं, हे गणित मला आजही सुटलेलं नाही. निशाचरताईंच्या यादीत हा प्रश्न घाला: आत असताना स्लिप झाली (म्हणजे पुन्हा प्यायली) किंवा तिने स्वतःला इजा केली, तर तुम्ही काय करता?

पुढे जिथे उपयोग झाला तिथे डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) शिकवायचे, मार्शा लिनेहान यांची पद्धत. भावनेची लाट आली की ती ओसरेपर्यंत काहीही न करता कसं थांबायचं, याचा चक्क सराव. बर्फ हातात धरायचा, गार पाण्याने तोंड धुवायचं. मला आधी हसू यायचं. नंतर ऑफिसात बॉसशी बोलायच्या आधी मीही तोंड धुऊन येऊ लागलो.

मुलाला काय सांगायचं हा सगळ्यात अवघड भाग. नातेवाईक म्हणाले, आई ट्रेनिंगला गेली म्हणून सांग. समुपदेशक म्हणाल्या, खोटं सांगू नका, त्याला सगळं माहीत असतं. मग सांगितलं, आई आजारी आहे, बरी व्हायला गेली आहे, तुझ्यामुळे काही झालेलं नाही. शेवटचं वाक्य त्याने दोनदा म्हणायला लावलं. पहिल्या भेटीला तो तिच्याजवळ गेलाच नाही, खिडकीपाशी उभा राहून पडद्याची दोरी ओढत बसला. तिने त्याला हाक मारली नाही, तीही तिथेच बसून राहिली. हे तिला आत शिकवलं होतं, मुलाला त्याच्या वेगाने येऊ द्यायचं.

शंकासुर

चष्मिष्ट, मुलांना सोबत ठेवता येतं अशीही केंद्रं असतात ना?

निशाचर

असतात, पण थोडी. जिथे मूल सोबत राहू शकतं तिथे बाया जास्त दिवस टिकतात, हे आम्ही पाहिलंय आणि अभ्यासांतही तसं दिसलंय. पुष्कळ जणी येतच नाहीत, कारण 'मी आत गेले तर मूल हिरावून घेतील' ही भीती. नवऱ्याकडच्यांनी कोर्टात हेच पुढे करायच्या आधी उपचारांची कागदपत्रं नीट ठेवा. स्वतःहून दाखल झालेली आई ही कागदावर चांगली गोष्ट दिसते.

शंकासुर

आणि गरोदर असेल तर?

बिनपगारी_डॉक्टर

तर दाखल करतानाच सांगा, आणि केंद्राने सगळ्याच बायकांची चाचणी विचारून करायला हवी. दोन गोष्टी नक्की लक्षात ठेवा. हेरॉइनसारख्या ओपिऑइडचं व्यसन असेल तर गरोदरपणात एकदम तोडत नाहीत. त्याऐवजी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मेथाडोन किंवा ब्यूप्रेनॉर्फिन या औषधांवर स्थिर ठेवतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात. दुसरं, मूडसाठी दिलं जाणारं व्हॅल्प्रोएट. त्याने गर्भावर गंभीर परिणाम होतात, म्हणून मूल होण्याच्या वयातल्या बाईला ते शक्यतो टाळायचं. लिथियमला पर्याय म्हणून कुणी सहज लिहून दिलं तर हा प्रश्न जरूर विचारा.

टवाळ_पाखरू

अवांतर: केंद्रात मोबाइल काढून घेतात म्हणे. मी तर त्यासाठीच भरती होईन.

शेवंता_

काढून घेतात. पहिले काही दिवस खिसा चाचपत फिरतो माणूस. मग शेजारणीचं घोरणं ऐकू यायला लागतं.

साळुंकी_

आमच्या आत्याच्या केंद्रात मोबाइल बंद पण सिगारेट चालू. हे कुठलं व्यसनमुक्ती?

रोखठोक

बरोबर! सगळंच सोडवा की एकदम.

निशाचर

सोडवायला हवंच, पण डॉक्टरांना सांगून. धुराचा औषधांशी संबंध आहे. क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही मानसिक आजारावरची औषधं धूम्रपान करणाऱ्यांच्या शरीरातून लवकर निघून जातात, म्हणून त्यांना डोस जास्त लागतो. केंद्रात सिगारेट बंद झाली आणि डोस तोच राहिला, तर रक्तातलं प्रमाण चढतं. आमच्याकडे एक बाई दिवसभर झिंगल्यासारखी पडून राहायला लागली. सगळ्यांना वाटलं, कुणीतरी आत काहीतरी आणून दिलं. निघाली ती सिगारेट सुटल्याची करामत. डोस कमी केल्यावर उठून बसली. (हे निकोटिनमुळे नाही, धुरामुळे होतं. पॅच लावला तरी डोस बघावा लागतो.)

पुस्तकी_किडा

हे मला माहीत नव्हतं. दंडवत.

कट्ट्यावरचा_काका

मग मुक्काम किती दिवसांचा धरायचा? महिनाभर पुरे?

निशाचर

काका, दोन आजार असतील तर महिना फार कमी. पहिले आठवडे विथड्रॉवल आणि झोप यातच जातात. औषधं बसायला वेळ लागतो, नैराश्याच्या गोळीला तर दोन ते सहा आठवडे. अमेरिकेतली नायडा ही संशोधन संस्था म्हणते, निवासी असो की येऊन-जाऊन, ९० दिवसांपेक्षा कमी उपचारांचा उपयोग मर्यादित. याचा अर्थ ९० दिवस आतच बसवायचं असा नाही. काही काळ आत, पुढे डे केअर, मग ओपीडी, असं मिळून.

निवासी लागतंच असंही नाही. घर सुरक्षित असेल, जीव द्यायचे विचार नसतील, डिटॉक्स (डॉक्टरांच्या देखरेखीत दारू उतरवणं) नीट झालं असेल आणि रोज कुठेतरी जाता येत असेल, तर बाहेरूनही जमतं. आबोलीताई, तुमच्याकडे दारू घरात मिळते का, आणि दिवसा वन्संबरोबर कोण असतं, यावर बरंच अवलंबून आहे.

शेवंता_

आणि नुसत्या बायकांचा गट मिळाला तर सोडू नका, निवासी असो वा नसो. १९७५ मध्ये जीन कर्कपॅट्रिक यांनी विमेन फॉर सोब्रायटी सुरू केलं ते यासाठीच. एएमध्ये 'अहंकार सोडा' सांगतात. माझ्याकडे सोडायला अहंकार शिल्लकच नव्हता, आधी तो थोडा कमवायचा होता.

एक_दिवस

@शेवंता, हे मान्य आहे आणि नाहीही. आमच्या बायकांच्या मीटिंगमध्ये वेगळी भाषा चालते. मार्टी मॅन १९३९ मध्येच एएत आल्या होत्या, तेव्हा खोलीत बाकी सगळे पुरुष. टिकल्या. पण प्रत्येकीने मार्टी मॅन का व्हावं, हा तुमचा मुद्दा बरोबर आहे.

आबोलीताई, पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अॅनॉन हा गट आहे. जा. वन्सं जातील न जातील, तुम्ही जा.

रोखठोक

आबोलीताई गेल्या कुठे? धागा काढला आणि पसार.

आबोली_

पसार नाही, रोखठोकदादा, फोन करत होते. :)

सगळ्यांचं वाचलं. डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून त्याच दिवशी वन्संना रुग्णालयात नेलं, दारू घरी बंद केली नाही. लिथियमची लेव्हल काढली तर खूपच कमी निघाली, म्हणजे गोळ्या जवळपास घेतल्याच जात नव्हत्या. आम्हाला वाटत होतं की घेताहेत. त्या तिथेच आहेत, आता थरथर कमी आहे. झोप लागतेय.

निशाचरताईंची यादी घेऊन केंद्रांना फोन केले. बांधून ठेवता का विचारल्यावर एकाने खरंच फोन आपटला. एका ठिकाणी बाईने शांतपणे सगळी उत्तरं दिली. मानसोपचारतज्ज्ञ ठरलेल्या दिवशी येतात, रात्री नर्स असते, औषधं त्यांच्या कुलपात. स्लिप झाली तर काढत नाहीत, प्लॅन बदलतात. बायकांसाठी वेगळा मजला आहे, वेगळी इमारत नाही. गटचर्चा बायकांच्या वेगळ्या. मूल सोबत ठेवत नाहीत, पण आठवड्यातून एकदा भेट. लिथियम चालू ठेवणार का विचारलं, तर त्यांनी उलट विचारलं, "शेवटची लेव्हल कधी काढली?" तिथेच माझं ठरलं.

सासूबाई तयार नव्हत्या. लोक काय म्हणतील. वन्संनीच सांगितलं, "आई, लोक काय म्हणतात ते मला रोज रात्री ऐकू येतं, आता डॉक्टर काय म्हणतात ते ऐकू दे." त्यावर कुणी काही बोललं नाही.

दोन गोष्टी राहिल्या. मुलीला चष्मिष्टदादांनी लिहिलं तसंच सांगणार आहे. आणि दाखल करताना सोबत काय न्यायचं, कुणी सांगेल का?

निशाचर

चाललेली सगळी औषधं मूळ स्ट्रिपसकट, डबीत सुटी करून नाही. रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड आणि त्यात शेवटचा डोस कधी दिला ते. लिथियमचा आणि थायरॉइडचा रिपोर्ट. लिथियमने थायरॉइड मंदावतो आणि तो सुस्तपणा नैराश्यासारखा दिसतो. पूर्वी कुठलं औषध दिल्यावर मॅनिया आला होता का, तेही लिहून द्या. बायपोलरमध्ये नुसती नैराश्याची गोळी दिली तर तसं होऊ शकतं. घरात आणखी कुणाला मूडचा आजार असेल तर तेही. काचेची बाटली, परफ्यूम, अल्कोहोल असलेला माउथवॉश देऊ नका, परत पाठवतील.

शेवंता_

एक साधी वही आणि पेन. मुलीचा फोटो, फ्रेमशिवाय. आणि शाम्पू छोट्या पारदर्शक बाटलीत. :)

रोखठोक

इच्छाशक्तीचं काय ते मी माझ्यापाशी ठेवतो. पण ती फोन आपटणारी जागा कुठली ते मला विपूत (माझ्या विचारपुशीत) कळवा. आमच्या शेजाऱ्यांनी मुलीला तिकडेच घालायचं ठरवलंय असं वाटतंय.

आबोली_

@रोखठोक, विपू केली आहे. यादीही पाठवली, त्यांनाही द्या.

बिनपगारी_डॉक्टर

आबोलीताई, शेवटचं. केंद्रातून बाहेर पडायच्या आधीच ओपीडीची तारीख हातात घ्या, सुटल्यानंतर आठवड्याभरातली. तोपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्याही. दोन डॉक्टरांच्या मधला तो एक आठवडा औषधाविना गेला की पुन्हा पहिले पाढे. जुन्या मानसोपचारतज्ज्ञांना केंद्राचं पत्र तुम्ही स्वतः नेऊन द्या, ते आपोआप पोचत नाही.

आबोली_

तारीख आत्ताच मागून ठेवते. उद्या सकाळी निघतोय.